ग्वाल्हेरच्या थंडीत कंद निजवून ठेवायचे तर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माळ्यावरचं खोकं खाली काढावं, वर्तमानपत्र बाजूला सारावं आणि आत बोटभर लांबीचे पांढरे, वाकडेतिकडे कोंब एकमेकांत गुंतलेले दिसावेत, ही ग्वाल्हेरच्या बागांमधली नेहमीची तक्रार. कंद मेलेला नसतो, पण पुढच्या मोसमाची शिदोरी त्यानं अंधारातच खाऊन संपवलेली असते. हात लावला की कोंब मोडतो. मोडला नाही तर बाहेरच्या उन्हात दोन दिवसांत करपतो. दुसरी तक्रार याच्या उलट: कोंब नाहीतच, कंद दाबला की बोट आत जातं आणि सडक्या बटाट्याचा वास येतो.

दोन्हीकडे चूक एकाच ठिकाणी झालेली असते. कंद कोरडा करून एका जागी ठेवला की काम झालं, असं आपण धरून चालतो. ग्वाल्हेरच्या हवेत एकच जागा नोव्हेंबर ते मार्च पुरत नाही. जानेवारीत इथे रात्रीचं तापमान ६-७ अंशांपर्यंत उतरतं, थंडीची लाट आली की त्याच्याही खाली जातं, आणि मार्च उजाडला की दुपार तिशी ओलांडते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कंदांसाठी ऊब शोधायची आणि फेब्रुवारीपासून गारवा. खोकं वेळेवर हलवावं लागतं. ही वेळ ओळखायला कंदाची झोप कशी चालते ते समजलं पाहिजे.

आतली झोप आणि बाहेरची झोप

स्वयंपाकघरातला बटाटा बघा. नवा बटाटा शेतातून आल्यावर उबदार टोपलीत ठेवला तरी काही आठवडे त्याला मोड येत नाहीत. पुढे त्याच टोपलीत, तशाच हवेत डोळे फुटायला लागतात. हवा तीच असते, बटाटा आतून बदललेला असतो. सुरुवातीच्या काळात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक डोळ्यांतल्या पेशींना वाढू देत नाही. त्याचा जोर हळूहळू ओसरतो, जिबरेलिनसारखी वाढीला चेतवणारी संप्रेरकं वरचढ होतात आणि आतली झोप संपते. त्यानंतर कंद शांत दिसला तरी तो नुसता पडून असतो. ऊब आणि ओल मिळायचा अवकाश, की उठला.

पहिली झोप कंदाची स्वतःची. दुसरी आपण बाहेरून लादायची, आणि अकाली कोंब येतात ते या दुसऱ्या झोपेत ढिलाई झाली की. दिवाळीच्या सुमारास काढलेल्या कॅलेडियमची, म्हणजे रंगीत पानांसाठी लावतात त्या शोभेच्या झाडाच्या कंदाची, आतली झोप संक्रांत उलटेपर्यंत बरीच विरळ झालेली असते. पण अंगणातली माती त्याला मानवेल इतकी तापायला मार्चचा मध्य उजाडतो. मधले सहा-आठ आठवडे हाच खरा कसोटीचा काळ.

या काळात तीन गोष्टी कंदाला जागं करतात. पहिली ऊब: तापमान १० अंशांनी वाढलं की कंदाचा श्वास जवळपास दुप्पट वेगानं चालतो, पिठाची साखर होऊ लागते आणि ती साखर कोंबाला मिळते. दुसरी ओल: भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) दमट असेल तर आधी मुळ्या फुटतात, मागोमाग कोंब. तिसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पिकणारी फळं. केळी, सफरचंद, पिकता पेरू यांच्यातून इथिलीन वायू निघतो, आणि काही कंदांची झोप मोडायला तो पुरेसा असतो. फ्रीजिया आणि ग्लॅडिओलसच्या बाबतीत हे इतकं पक्कं ठाऊक आहे की लवकर फुलं हवी असतील तर मुद्दाम इथिलीन किंवा धूर देऊन कंद जागे करतात. फळांच्या टोपलीखाली कंदांचं खोकं सरकवणं म्हणजे नकळत तोच उपचार.

अंधारामुळे कोंब थांबत नाही, हेही इथेच सांगायला हवं. अंधारात तो फक्त पांढरा आणि लांब होतो.

कोणते कंद, किती अंश

घरातले सगळे कंद एका खोक्यात भरायचे आणि खोकं फ्रीजमध्ये किंवा ओळखीच्या शीतगृहात ठेवायचं, हा सल्ला सर्रास दिला जातो. आग्र्याकडची बटाट्याची शीतगृहं साधारण २ ते ४ अंशांवर चालतात. बटाट्याला ते मानवतं. कॅलेडियम तिथे नक्की मरतो.

कॅलेडियम सगळ्यांत नाजूक. त्याला १८ ते २१ अंश हवेत, आणि १५च्या खाली काही दिवस राहिला तर थंडी बाधते. बाधा लगेच दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. डिसेंबरात गारठलेला कंद फेब्रुवारीपर्यंत टणकच वाटतो. कापला की आत पांढऱ्याऐवजी तपकिरी, पाणचट चट्टे दिसतात. निशिगंधाला, म्हणजे आपल्या रजनीगंधाला, १२ ते १८ चालतात. कळलावीला १२ ते १५. अमरॅलिसला १३च्या आसपास दोन-अडीच महिन्यांची विश्रांती मिळाली की फूल चांगलं येतं. फुटबॉल लिली कुंडीतून काढूच नये. पाणी बंद करून कुंडीच भिंतीच्या आडोशाला सरकवावी, कारण तिच्या जाड मुळ्या मोडल्या तर पुढच्या मेमध्ये फूल येत नाही. कर्दळ ग्वाल्हेरात जमिनीतच राहू द्या. गोठलेल्या दवानं पानं काळी पडली तर बुंध्यापाशी कापा आणि वर चार बोटं वाळक्या पानांचा थर द्या.

म्हणजे दोन खोकी लागतात: एक कॅलेडियमचं, ऊब मागणारं, आणि दुसरं बाकीच्यांचं.

काढणी: पानांकडे पाहून, आणि रात्रीच्या पाऱ्याकडेही

ऑक्टोबरच्या मध्यापासून कॅलेडियमचं पाणी कमी करत न्यायचं. रोजचं एक दिवसाआड, मग चार दिवसांनी, मग बंद. पानं पिवळी होऊन लोळतात तेव्हा त्यांच्यातलं अन्न परत कंदात उतरत असतं. म्हणून हिरवी पानं दिवाळीच्या साफसफाईत कापून टाकू नयेत, कितीही अस्ताव्यस्त दिसली तरी. निम्म्याहून जास्त पानं पडली की काढा. पानं अजून उभी आहेत आणि रात्रीचं तापमान सलग तीन-चार दिवस १५च्या खाली जायला लागलं, तर मात्र पानांची वाट पाहू नका. ग्वाल्हेरात ही वेळ बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते.

निशिगंधाला इतकी घाई नाही. थंडीनं त्याची पात वाळते, पण कोरड्या मातीतला कंद तग धरतो. जानेवारीच्या शेवटी ठोंब उपटून चार ते सहा आठवडे ठेवायचे आणि मार्चमध्ये लावायचे, एवढं पुरतं. ठोंब हातात घेतल्यावर मधला कंद नीट पाहा. फुलाचा दांडा येऊन गेला असेल तर त्याच्या पोटात वाळक्या दांड्याचा खुंट दिसतो. हा कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्याभोवती चिकटलेली पिल्लं हीच पुढची फुलं. त्यांतली २ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असतील ती त्याच वर्षी फुलतात, बारीक पिल्लांना एक वर्ष नुसतं वाढू द्यावं लागतं. ठेवायच्या आधी ही निवड केली की निम्मी जागा वाचते.

कळलावी काढताना हात फार हलका हवा. तिचा कंद इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा दोन फाट्यांचा असतो, जमिनीत आडवा पसरलेला, आणि खडूसारखा ठिसूळ. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. ते टोक मोडलं की उरलेला लठ्ठ तुकडा हातात राहतो, पण त्यातून काही उगवत नाही. म्हणून वेलाच्या बुंध्यापासून वीतभर दूर खणायला सुरुवात करायची आणि माती बाजूनं ढासळू द्यायची. आणखी एक गोष्ट, बागेपेक्षा महत्त्वाची: या कंदात कोल्चिसिन असतं आणि ते जीवघेणं विष आहे. दिसायला तो रताळ्याचा भाऊ. हातमोजे घाला, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘विषारी’ लिहा, आणि हे खोकं कांदा-बटाट्याच्या शेजारी एक दिवसही ठेवू नका. तमिळनाडूचं हे राज्यफूल इतकं देखणं आहे की त्याच्या कंदाची भीती बाळगायचं लोक विसरतात.

वाळवण

कंद मातीतून निघाला की त्याच्या अंगावर मुळ्या तुटल्याच्या, खुरपं लागल्याच्या कितीतरी लहान जखमा असतात. त्या खोक्यात जायच्या आधी भरून यायला हव्यात. यासाठी सुपात किंवा गोणपाटावर एकेरी थर पसरायचा, सावलीत, वारा खेळेल अशा जागी, ७ ते १० दिवस. नोव्हेंबरातल्या दुपारी ग्वाल्हेरात २५ ते ३० अंश असतात आणि जखमा भरायला हेच तापमान लागतं. उन्हात ठेवले तर साल चटकते. रात्री गच्चीवर राहिले तर दव पडतं आणि दिवसभराचं वाळवण वाया जातं. संध्याकाळी सूप आत घ्यायचं.

झालं कसं ओळखायचं? कॅलेडियमचा कंद अंगठ्यानं चोळा. बाहेरची साल कागदासारखी कुरकुरते, वाळकी मुळी हलक्या चिमटीनं निघून येते, कापलेल्या जागी बुचासारखा खडबडीत थर हाताला लागतो. चिकट लागलं तर अजून तीन दिवस.

माती ब्रशनं झटका, धुऊ नका. मागच्या वर्षी सड झाली असेल तर मात्र वाळवण्याआधी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पाण्यात २० मिनिटं बुडवावेत: ७५ टक्क्यांची पूड, १ लिटर पाण्याला २ ग्रॅम. बादली आणि हातमोजे यासाठी वेगळे ठेवा. सालीच्या खाचांत कापसासारखा पांढरा ठिपका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा, नाहीतर तोही कंदांबरोबर हिवाळा आरामात काढतो.

भरण

पुठ्ठ्याचं खोकं, बाजूंना पेन्सिल जाईल एवढी दहा-बारा भोकं. तळाला ३ सेंटिमीटर कोरडं कोकोपीट, लाकडाचा भुसा किंवा धुऊन वाळवलेली वाळू. त्यावर कंद, डोळा वर, एकमेकांना न टेकता. मग पुन्हा थर. टेकलेले कंद सडले तर सगळे मिळून सडतात, हे बटाट्यावरून प्रत्येकाला माहीत आहे. दोन थरांवर जाऊ नका. तिसऱ्या थराखालचं काय चाललंय ते पाहायचा कंटाळा येतो.

कोकोपीटबद्दल एक सावधगिरी. पाकिटातलं मोकळं कोकोपीट हाताला कोरडं वाटलं तरी बऱ्याचदा चांगलं दमट असतं. दोन दिवस उन्हात पसरून घ्या. मग वर्तमानपत्राचा एक बोळा त्यात रात्रभर पुरून ठेवा. सकाळी कागद कुरकुरला तर चालेल, लुळा पडला तर अजून ऊन हवं. वाळू कळलावीला चांगली, कारण ती ठिसूळ फाट्यांना सगळीकडून धरून ठेवते. कॅलेडियमला भुसा किंवा कोकोपीट बरं. निशिगंधाला काहीच नको, कांद्याची जाळीदार पिशवी पुरे, फक्त आठवड्यातून एकदा पिशवी हलवून कंद खालवर करायचे, म्हणजे आतल्या कंदांना बुरशी धरत नाही. प्लास्टिकची पिशवी कशालाच नको. कंद श्वास घेतात, त्या श्वासातली वाफ प्लास्टिकला धरते, आणि कोंब फुटायला तेवढं पाणी पुरतं.

खोकं कुठे, आणि केव्हा हलवायचं

नोव्हेंबर ते जानेवारीचा शेवट हा पहिला टप्पा. कॅलेडियमच्या खोक्याला घराच्या मधल्या खोलीतला माळा सगळ्यांत चांगला, कारण गरम हवा वर जाते आणि तिथे बाहेरची भिंत नसते. लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरांत माजघराचा माळा यासाठी जणू बांधलेलाच असतो. जाड भिंती दिवस-रात्रीचा फरक गिळून टाकतात. मुरारच्या बाजूला मोकळ्या वस्तीत नवं घर असेल, पातळ विटांच्या भिंती असतील, तर उत्तरेकडच्या खोलीपासून दूर राहा. दुसरं खोकं, कळलावीचं, त्याच खोलीत खाली, पलंगाखाली; जानेवारीअखेर काढलेल्या निशिगंधाची पिशवीही तिथेच.

अंदाजानं जागा ठरवू नका. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. ते ठरवलेल्या जागी तीन रात्री ठेवा आणि आकडे बघा. फरक ५ अंशांहून जास्त दिसला तर जागा बदला. रोज वरखाली होणाऱ्या तापमानात खोक्याच्या आत दव धरतं, आणि तिथून सड सुरू होते. हीटर लावायची खोली याच कारणानं वाईट. फ्रीजचा माथा तर फारच वाईट, आणि नेमकी ती जागा सगळ्यांना सुचते: मागच्या यंत्राची ऊब अखंड वर येत असते, म्हणून तिथे कॅलेडियम डिसेंबरातच डोळे उघडतो. स्वयंपाकघराच्या माळ्यावर ऊब, वाफ आणि फळं तिन्ही एकत्र.

जानेवारीत धुकं आणि मावठा. सकाळची हवा इतकी ओली असते की खोकं उघडलं तर भुसा ती ओल ओढून घेतो. तपासणी करायची ती ऊन पडल्यावर, दुपारी दोननंतर.

संक्रांत झाली की यंत्रावर लक्ष ठेवा. माळ्यावरची दुपार सलग आठवडाभर २२च्या वर गेली की पहिला टप्पा संपला. बहुतेक वर्षी हे फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होतं. आता कॅलेडियमचं खोकं माळ्यावरून खाली, फरशीवर, उत्तरेच्या ज्या खोलीला आपण डिसेंबरात नाकारलं होतं तिथे. तळघर असेल तर तिथे, पण आधी ओल पाहा. भिंतीला हात लावून गार लागलं तर चालेल, दमट लागलं तर नाही. जमिनीत साठलेली थंडी उशिरा निघते, त्यामुळे या जागा मार्चपर्यंत १७-१९ अंशांत राहू शकतात. हे चार-पाच अंश कमी झाल्यानं कोंब कायमचा थांबत नाही, पण तीन-चार आठवडे पुढे जातो, आणि आपल्याला तेवढेच हवे असतात.

दर पंधरा दिवसांनी काय पाहायचं

प्रत्येक थरातला एक कंद उचला. त्याचं पोट बोटानं दाबा, डोळा पाहा, वास घ्या. खोकं भरताना पाच कंदांचं एकत्र वजन लिहून ठेवलं असेल तर आणखी चांगलं. वजन एक-दशांशाहून जास्त घटलं आणि साल सुरकुतली, तर जागा फार कोरडी आहे; भुश्याच्या एका कोपऱ्यावर, कंदांपासून दूर, दोन चमचे पाणी शिंपडा आणि बस.

कॅलेडियमचा झोपलेला डोळा सपाट आणि सालीच्याच रंगाचा असतो. जागा होऊ लागला की आधी फुगतो, मग टोकाला फिकट गुलाबी किंवा पांढरं होतं. या क्षणी काही बिघडलेलं नाही. खोकं ताबडतोब गार जागी न्या, भुसा दमट असेल तर बदला, कोंबाला हात लावू नका. तो १ सेंटिमीटरच्या आत असला तर गार-कोरड्यात अडून राहतो.

कोंब मोडून टाकावा का, हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर कंदाप्रमाणे बदलतं. कॅलेडियमचा मुख्य कोंब गेला तर बाजूचे लहान डोळे फुटतात. पानं लहान पण संख्येनं जास्त येतात, झाड भरगच्च होतं. निशिगंधाचा मधला कोंब मोडला तर बहुधा त्या वर्षीचं फूलच गेलं, कारण दांडा त्यातूनच यायचा असतो. कळलावीचा मोडला तर तो फाटा संपला.

कोंब २-३ सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर पुन्हा झोपवायचा प्रयत्न सोडून द्या. फ्रीजमध्ये ठेवून तर मुळीच नाही. अशा कंदाला १२ सेंटिमीटरच्या कुंडीत, जेमतेम ओल्या मिश्रणात लावा आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. पानं जरा लांबट येतील, पण कंद वाचेल.

मऊ पडलेला, वास मारणारा कंद शेजारच्या भुश्यासकट फेका. तो जिवाणूंनी सडवलेला असतो आणि कापून वाचत नाही. कंद टणकच राहून आत खडूसारखा पांढरा, भुसभुशीत झाला असेल तर ती कोरडी सड, बुरशीची. तेवढा भाग चांगल्या कंदापर्यंत कापून, कापाला गंधकाची पूड लावून, चार दिवस पुन्हा वाळवला तर उरलेला तुकडा बहुधा जगतो.

ग्लॅडिओलस आणि डेलिया यात का नाहीत

कारण त्यांचं वर्ष उलटं आहे. मैदानी भागात ते सप्टेंबर ते नोव्हेंबरात लावतात, थंडीत फुलवतात आणि त्यांची झोप उन्हाळ्यात येते. ग्लॅडिओलस फुलं संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, पात पिवळी पडली की काढायचा, खालचा जुना सुकलेला गड्डा वेगळा करून टाकायचा, आणि वाळवून ३ ते ५ अंशांत ठेवायचा. म्हणजे फ्रीजचा खालचा कप्पा इथे योग्य, फळं-भाज्या दुसरीकडे हलवून. तीन महिन्यांच्या थंडीनं त्याची आतली झोप मोडते आणि तीच थंडी कोंबालाही रोखून धरते. डेलियाच्या गाठी मेच्या झळांत चुरमुऱ्यासारख्या वाळतात, त्यामुळे त्या कुंडीतच सावलीत ठेवून पंधरा दिवसांतून एकदा पेलाभर पाणी देणं घरगुती बागेला सोपं पडतं.

उठवणं

होळी झाली, आणि सकाळी आठ वाजता कुंडीतली माती २० अंशांच्या वर भरू लागली, की कॅलेडियम बाहेर काढा. डोळा वर, ४-५ सेंटिमीटर खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. पहिलं पाणी माती बसण्यापुरतं. कोंब मातीच्या वर दिसेपर्यंत दुसरं पाणी फक्त वरची दोन बोटं माती सुकली तरच, कारण या दिवसांत मुळ्या अजून नसतात आणि जास्तीचं पाणी प्यायला कुणी नसतं. कळलावीला मे अखेरपर्यंत वाळूत तसंच राहू द्या. फाट्याचं टोक हिरवट झालं की लावा, आडवी, ८-१० सेंटिमीटर खोल, आणि चढायला जाळी आधीच बांधून ठेवा. नंतर काठी खुपसली तर ती नेमकी कंदातून जाते.